साखरेच्या भावात दडलेली मदत
मॉरिशस आणि फिजी : दोन बेटांचा एक हिशेब

परकीय मदतीचा विचार करताना राज्यकर्त्यांची आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांची नजर एकाच प्रकारच्या आकड्यांवर खिळलेली असते. अमुक देशाने तमुक देशाला इतके कोटी डॉलर अनुदान दिले, इतके कर्ज अल्प व्याजाने दिले, इतक्या बोटी भरून धान्य पाठविले, अशी ही नोंद असते. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली साठच्या दशकात आलेला गहू ज्या पिढीने रेशनच्या दुकानातून आणला, तिच्या मनात तर मदत म्हणजे बंदराला लागलेले जहाज हेच चित्र ठसलेले आहे. परंतु मदतीचा आणखी एक प्रकार असा आहे की, तो कोणत्याही अर्थसंकल्पाच्या मदत-खात्यात दिसत नाही, त्याचे समारंभ होत नाहीत आणि घेणाऱ्याला तो आपल्या कष्टाचा मोबदलाच वाटतो. वस्तूला बाजारात मिळाला असता त्याहून अधिक भाव देणे, आणि तो वर्षानुवर्षे देत राहण्याचे वचन लिहून देणे, हा तो प्रकार होय.

हे तत्त्व उसाच्या पट्ट्यातील वाचकाला फोड करून सांगण्याची गरज नाही. मुळशी तालुक्यातील चांदे-नांदे परिसरातला एखादा शेतकरी कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखान्याला ऊस घालतो, तेव्हा त्याच्या पदरात पडणारा दर हा निव्वळ मागणी-पुरवठ्याने ठरलेला नसतो. रास्त व किफायतशीर दराचा कायदा, साखरेच्या किमान विक्री दराचा आदेश, आयातीवरील जकात आणि निर्यातीवरील बंधने, इतक्या गोष्टी त्या एका आकड्यामागे उभ्या असतात. बाजारभाव आणि हाती पडणारा भाव यांतील अंतर कोणीतरी भरून काढीत असतो. कधी ग्राहक, कधी सरकार, तर कधी कारखान्याला कर्ज देणारी बँक. हाच व्यवहार एका देशाच्या आत न होता दोन देशांच्या दरम्यान झाला, तर त्याला परकीय मदत म्हणावयाचे की व्यापार? १९७५ पासून २००९ पर्यंत चौतीस वर्षे असा एक व्यवहार जगात चालू होता. त्याचे दोन मोठे लाभार्थी होते मॉरिशस आणि फिजी.

ही दोन नावे एकत्र घेण्यास कारण आहे. दोन्ही बेटे ब्रिटिश वसाहती होती. दोन्हीकडे उसाचे मळे उभे राहिले ते गिरमिटाखाली नेलेल्या हिंदी मजुरांच्या कष्टावर. मॉरिशसला ही भरती १८३४ मध्ये सुरू झाली आणि तेथे सुमारे साडेचार लाख माणसे उतरली. फिजीला ‘लिओनिडास’ हे पहिले जहाज १४ मे १८७९ रोजी पोहोचले आणि १९१६ पर्यंत सुमारे ६० हजार मजूर नेले गेले. मॉरिशसच्या मजुरांत कोकणातून व घाटावरून मुंबई बंदरामार्गे गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आजही गणेशोत्सव करतात, तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते आणि भारत व मॉरिशस यांनी मिळून उभारलेल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला, फिजी १० ऑक्टोबर १९७० रोजी. स्वातंत्र्याच्या वेळी दोघांचीही निर्यात म्हणजे प्रामुख्याने साखर होती. लोकसंख्या दहा लाखांच्या आत. प्रयोगशाळेत दोन नमुने शेजारी ठेवावेत इतके हे साम्य आहे; आणि तरीही पन्नास वर्षांनंतरचे चित्र अगदी निराळे आहे.

लोमेचा करार

ब्रिटन आपल्या वसाहतींकडून ठरावीक भावाने साखर घेत असे. १९५१ च्या राष्ट्रकुल साखर कराराने त्याला पक्के रूप आले होते. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय सामायिक बाजारपेठेत शिरला आणि हा करार १९७४ अखेर संपला. वसाहतींच्या साखरेचे पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून २८ फेब्रुवारी १९७५ रोजी टोगोची राजधानी लोमे येथे झालेल्या करारास साखरेचा स्वतंत्र मसुदा जोडण्यात आला. आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक भागांतील उत्पादक देशांकडून सुमारे १३ लाख टन साखर दरवर्षी हमी भावाने घेण्याचे वचन युरोपने दिले. वचनाला मुदत घातलेली नव्हती. भाव ठरविताना कसोटी होती ती युरोपातील बीटच्या शेतकऱ्याला मिळणारा भाव. त्या शेतकऱ्याचे लाड युरोप किती करीत असे हे सर्वश्रुत आहे. त्या लाडाचा एक कण या बेटांच्याही वाट्याला आला, असे म्हणता येईल.

मॉरिशसच्या वाट्याला ४ लाख ९१ हजार टनांचा कोटा आला, फिजीच्या वाट्याला १ लाख ६५ हजार टनांचा. भारतालाही वेगळ्या कराराने कोटा होता, तो पुढे १० हजार टनांवर आला. महाराष्ट्रातील एखादा मध्यम कारखाना एका हंगामात याहून कितीतरी अधिक साखर काढतो. मॉरिशसने इतका मोठा वाटा मिळविला यामागे एक धूर्त हिशेब होता. १९७४ च्या अखेरीस जगात साखरेचा भाव इतका कडाडला होता की, खुल्या बाजारात विकणे हाच शहाणपणा वाटावा. काही देशांना युरोपशी बांधून घेणे नकोसे वाटत होते. मॉरिशसच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी मात्र आजचा चढा भाव सोडून उद्याची मोठी हमी मागितली. तेजी ओसरली, खुल्या बाजारातील भाव कोसळला आणि हमीची किंमत कळू लागली. पुढील तीस वर्षांत युरोपचा भाव जागतिक भावाच्या दुप्पट-तिप्पट असणे ही नेहमीची गोष्ट झाली. अखेरच्या काळात तो कच्च्या साखरेला टनामागे ५२३.७ युरो होता.

या फरकाचा अंदाज घेण्यासाठी एक साधे गणित करून पाहावे. हमी भाव आणि जागतिक भाव यांतील अंतर समजा टनामागे २५० युरो धरले, तर मॉरिशसला दरवर्षी सुमारे १२ कोटी युरो आणि फिजीला सुमारे ४ कोटी युरो विनासायास मिळतात. लोकसंख्येने भागले तर मॉरिशसमध्ये माणशी शंभर युरो, फिजीत पन्नास. म्हणजे मॉरिशसला दुप्पट मिळाले हे खरे. अरविंद सुब्रमणियन आणि देवेश रॉय या अर्थशास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसाठी २००१ मध्ये लिहिलेल्या निबंधात मॉरिशसचा हा लाभ राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरी पाच टक्क्यांहून अधिक भरतो, असे दाखविले आहे. एवढी मदत रोख अनुदान म्हणून मागितली असती तर कोणत्या संसदेने ती मंजूर केली असती?

तथापि रकमेच्या फरकातच सगळे उत्तर शोधणे हे आळशीपणाचे होईल. फिजीला ऑस्ट्रेलियाकडून व न्यूझीलंडकडून थेट मदतही मिळत असे. पर्यटनाचा व सोन्याच्या खाणीचा आधार होता. जमीन तर मॉरिशसच्या जवळजवळ नऊपट. खरा प्रश्न असा की, भावातून आलेला पैसा कोणाच्या हाती पडला, आणि ज्याच्या हाती पडला त्याने त्याचे काय केले.

मळेवाल्यांचा पैसा आणि सरकारचा हात

१९६० मध्ये केंब्रिजचे प्राध्यापक जेम्स मीड मॉरिशसची पाहणी करण्यास गेले. त्याच वर्षी कॅरोल नावाच्या चक्रीवादळाने बेटाची धूळधाण केली होती. हिवतापाच्या उच्चाटनानंतर लोकसंख्या दरसाल तीन टक्क्यांच्या वेगाने वाढत होती, आणि उसाखेरीज दुसरे पीक नव्हते. मीड यांनी १९६१ च्या अहवालात जे भविष्य वर्तविले ते काळेकुट्ट होते. हेच मीड पुढे १९७७ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. त्यांचे मॉरिशसविषयीचे भाकीत मात्र अर्थशास्त्रातील फसलेल्या भाकितांचे ठळक उदाहरण म्हणून सांगितले जाते. त्यांच्यावर हसण्याचे कारण नाही. त्यांनी जे पाहिले त्यावरून दुसरा निष्कर्ष निघत नव्हता, आणि त्यांनी सुचविलेल्या उपायांपैकी काही, विशेषतः श्रमप्रधान उद्योग काढण्याचा, पुढे अमलातही आला.

मॉरिशसमधील बहुतेक मोठे मळे आणि कारखाने फ्रेंच वंशाच्या मूठभर घराण्यांच्या मालकीचे. लोमेच्या भावाचा मोठा हिस्सा त्यांच्याच तिजोरीत जाणार हे उघड होते. शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने मळे सरकारजमा केले नाहीत. त्या काळी तशी मागणी करणारे तरुण पक्ष तेथे होते आणि आफ्रिकेतील कित्येक देशांनी तो मार्ग धरलाही होता. रामगुलाम यांनी मालकी जिथल्या तिथे ठेवून निर्यातीवर कर बसविला, आणि तो मोठ्या उत्पादकाला अधिक लागेल, लहानाला कमी लागेल अशी त्याची रचना केली. युरोपच्या ग्राहकाने दिलेला जादा पैसा अशा रीतीने काही अंशी मॉरिशसच्या सरकारी खजिन्यात आला आणि तेथून शाळा, दवाखाने, वृद्धांचे निवृत्तिवेतन यांवर खर्च झाला. माध्यमिक शिक्षण १९७७ पासून मोफत झाले. दुसरीकडे १९७० च्या कायद्याने निर्यातप्रधान उद्योगांना करमाफी देण्यात आली. मळेवाल्यांपुढे दोन वाटा राहिल्या : साखरेत पैसा घालून कर भरावा, किंवा कापडगिरण्यांत घालून कर वाचवावा. त्यांनी दुसरी वाट धरली. परदेशी, विशेषतः हाँगकाँगचे, भांडवलदार आले हे खरे. पण या उद्योगांतील भांडवलाचा मोठा भाग बेटावरच्या उसातूनच आलेला होता, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते.

हे सर्व सरळ रेषेत झाले असे मात्र नाही. साखरेच्या तेजीच्या वर्षांत सरकारने हात सैल सोडला आणि तेजी जाताच १९७९ मध्ये परकीय चलनाची टंचाई इतकी झाली की, नाणेनिधीच्या दारात उभे राहावे लागले. रुपयाचे अवमूल्यन १९७९ मध्ये एकदा, १९८१ मध्ये पुन्हा असे दोनदा झाले. बेकारी भयंकर वाढली. कापडाचे कारखाने भरभराटीला आले ते त्यानंतर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांत ८० हजारांहून अधिक लोक काम करीत होते आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्यांचे वेतन तुटपुंजे होते, हेही नमूद केले पाहिजे. क्रिओल समाज या समृद्धीच्या कडेला राहिला, त्याचा उद्रेक फेब्रुवारी १९९९ च्या दंगलीत झाला. मॉरिशसला आदर्श ठरवून त्याची आरती ओवाळणाऱ्यांनी या बाजूकडेही पाहावे.

साखरेच्या धंद्यातील वाटणी मात्र तेथे बारकाईने ठरविली गेली. ऊस घालणाऱ्याला साखरेतील ७८ टक्के आणि कारखान्याला २२ टक्के, असे प्रमाण कायद्याने घालून दिले. सगळी साखर एका संघामार्फत विकली जाते, म्हणून एका कारखान्याचा शेतकरी दुसऱ्या कारखान्याच्या शेतकऱ्याहून भाग्यवान ठरत नाही. १९९४ मध्ये निर्यातकर रद्द करताना सरकारने मळेवाल्यांकडून एक गोष्ट मागून घेतली : कारखान्यांच्या भागभांडवलापैकी वीस टक्के कामगारांच्या आणि लहान बागाईतदारांच्या न्यासाकडे गेले. कर माफ करताना काहीतरी पदरात पाडून घ्यावे, हे कळणारी सरकारे थोडी असतात. आपल्याकडे प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखानाच शेतकऱ्याच्या मालकीचा केला. त्यापुढे हे वीस टक्के अपुरे वाटतील. पण खाजगी मळ्यांच्या बेटावर ते लहान पाऊल नव्हते.

जमीन एकाची, ऊस दुसऱ्याचा

फिजीची कथा कारखान्यापासून नव्हे, जमिनीपासून सुरू करावी लागते. तेथील ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन मूळच्या फिजी लोकांच्या कुळांची आहे. ती विकता येत नाही; १९४० मध्ये स्थापन झालेल्या न्यासामार्फत ती खंडाने दिली जाते. ऊस पिकविणारा मात्र बहुधा गिरमिटियाचा वंशज. १९७६ च्या कायद्याने खंडाची मुदत तीस वर्षे ठरली आणि खंडाला जमिनीच्या मूळ मूल्याच्या सहा टक्क्यांची मर्यादा पडली. आपल्याकडील कूळकायद्याशी परिचित असलेल्या वाचकाला येथील तिढा चटकन उमगेल. फरक एवढाच की, आपल्याकडे जमीनदार सधन आणि कूळ निर्धन असे गृहीत होते. फिजीत जमिनीचा मालक असलेले कूळच पुष्कळदा खंडकऱ्याहून गरीब होते.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआर या कंपनीकडे फिजीचे सारे कारखाने होते. ऊस उत्पादकांच्या दीर्घ झगड्यानंतर १९६९ मध्ये लॉर्ड डेनिंग या ब्रिटिश न्यायाधीशांना लवाद नेमण्यात आले. त्यांनी साखरेच्या उत्पन्नाची वाटणी शेतकऱ्याला ६५ व कारखान्याला ३५ टक्के अशी केली. कंपनीला हा न्याय मानवला नाही; तिने गाशा गुंडाळला आणि १९७३ पासून सरकारी मालकीचे साखर महामंडळ कारभार पाहू लागले. शेतकऱ्याचा हा मोठा विजय होता. पुढे दोनच वर्षांनी लोमेचा हमी भाव आला आणि डेनिंगच्या सूत्राने त्याचा मोठा वाटा थेट शेतकऱ्याच्या हाती पडू लागला.

यात वाईट ते काय, असा प्रश्न पडेल. परदेशी मदत थेट कष्टकऱ्याला मिळावी हेच तर न्याय्य! पण व्यवहारात तीन पक्ष होते आणि सूत्र दोघांचे होते. युरोपचा भाव चढला तरी खंड जागच्या जागी. त्या तुटपुंज्या खंडातूनही न्यासाचा खर्च आणि कुळप्रमुखांचा ठरीव वाटा वजा होत असे. समान वाटणी सुरू झाली ती २०११ मध्ये. ज्याची जमीन, त्याला युरोपच्या भावाची झुळूकसुद्धा लागत नव्हती. दुसऱ्याच्या शेतात पिकणारे वैभव तो बांधावर उभा राहून पाहत होता. फिजीतील तेढीला वंशाचा रंग होता यात शंका नाही, आणि तिचा उपयोग करून घेणारे पुढारीही होते. पण तिच्या मुळाशी वाटणीचा एक खरा प्रश्न होता, हे हिंदी वंशीयांच्या बाजूने बोलणारे लेखक फारसे मान्य करीत नाहीत. उलट, शेतकऱ्यालाही तीस वर्षांनंतर जमीन राहील की जाईल याची शाश्वती नव्हती. अशा माणसाने विहीर का खोदावी, नवे बेणे का लावावे? तो वर्षानुवर्षे खोडवाच राखीत गेला आणि मिळालेला पैसा मुलांच्या शिक्षणात घातला. त्याच्या दृष्टीने तेच शहाणपण होते. सुशिक्षित मुले ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा येथे गेली.

१४ मे १९८७ रोजी, म्हणजे ‘लिओनिडास’ लागल्याच्या बरोबर एकशे आठाव्या वर्षदिनी, कर्नल राबुका यांनी पहिला लष्करी उठाव केला. हा दिवस योगायोगाचा असो वा नसो, हिंदी वंशीयांनी त्यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. त्याच वर्षी दुसरा उठाव, २००० मध्ये तिसरा, डिसेंबर २००६ मध्ये चौथा. १९८६ च्या जनगणनेत जवळजवळ निम्मी असलेली हिंदी वंशीयांची लोकसंख्या २००७ मध्ये साडेसदतीस टक्क्यांवर आली. १९९७ पासून तीस वर्षांचे खंडपट्टे संपू लागले. कित्येकांचे नूतनीकरण झाले नाही. घरदार, गोठा, झाडे सोडून शेतकरी सुवाच्या आसपासच्या झोपडवस्त्यांत गेले. ज्या जमिनी परत घेतल्या गेल्या त्यांपैकी पुष्कळ पडीक राहिल्या. १९९४ मध्ये पाच लाख टनांवर पोहोचलेले साखरेचे उत्पादन पंधरा वर्षांत दोन लाखांच्याही खाली घसरले. युरोपचा हमी भाव या सर्व काळात चालूच होता. भावाची मदत कमी पडली म्हणून फिजीची साखर बुडाली, असे म्हणण्यास त्यामुळे जागा राहत नाही.

हमी उठते तेव्हा

ब्राझील, ऑस्ट्रेलिया व थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत युरोपवर फिर्याद केली. या बेटांकडून महाग घेतलेल्या साखरेइतकीच साखर युरोप अनुदान देऊन बाहेर विकतो, ही त्यांची एक तक्रार होती, आणि ती खरी होती. २००५ मध्ये युरोप हरला. २००६ पासून चार वर्षांत हमी भाव ३६ टक्क्यांनी उतरवून ३३५ युरोवर आणण्यात आला. मुदत नसलेले ते वचन १ ऑक्टोबर २००९ पासून युरोपने एकतर्फी मोडले. भरपाई म्हणून अठरा देशांना मिळून सुमारे १२० कोटी युरोंची मदत जाहीर झाली. या वेळी मदत उघड, रोख आणि अटींसह होती.

येथे दोन देशांचे अंतर उघडे पडले. मॉरिशसने दहा वर्षांचा आराखडा आधीच तयार ठेवला होता. अकरा कारखान्यांचे विलीनीकरण करून चार, पुढे तीन ठेवायचे. हजारो कामगारांना स्वेच्छानिवृत्तीचे पैसे आणि घरासाठी जमिनीचा तुकडा द्यायचा. बगॅसपासून वीज करून ती राष्ट्रीय जाळ्यात विकायची. कच्ची साखर पाठविण्याऐवजी शुद्ध साखर आणि महागडी तपकिरी विशेष साखर विकायची. युरोपचा पैसा या आराखड्यात जाऊन बसला. फिजीत मात्र डिसेंबर २००६ च्या उठावानंतर युरोपने मदत रोखली. २००७ सालच्या साखर-मदतीचा हप्ता बुडाला. लोकशाही परत यावी म्हणून टाकलेला हा दाब लष्करी राजवटीला कितपत झोंबला हे सांगता येत नाही. निवडणुका झाल्या त्या २०१४ मध्ये. मधल्या काळात ज्याने उठाव केला नव्हता त्या ऊस उत्पादकाने त्याची किंमत मोजली, आणि राज्यकर्ते चीनकडे कर्जासाठी वळले. भारताच्या निर्यात-आयात बँकेने कारखान्यांच्या नूतनीकरणासाठी पाच कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. त्यानेही अपेक्षित उतारा आला नाही. ज्या शिवारात ऊसच घटत चालला आहे तेथे नवी यंत्रे बसवून काय साधणार? फेब्रुवारी २०१६ मध्ये विन्स्टन वादळाने राकिराकीजवळच्या पेनांग कारखान्याची मोडतोड केली आणि तो कायमचा बंद झाला.

भारताने मॉरिशसला केलेल्या मदतीचाही उल्लेख येथे केला पाहिजे, कारण तिच्यातही हेच दडलेपण आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेले ३५ कोटी ३० लाख डॉलरचे साह्य, त्यातून झालेली मेट्रो आणि सर्वोच्च न्यायालयाची इमारत, ही दिसणारी मदत. परंतु १९८२ च्या दुहेरी करविषयक करारान्वये मॉरिशसमार्गे भारतात गुंतविलेल्या भांडवलाच्या नफ्यावर भारताने कर घेतला नाही. परिणामी अनेक वर्षे भारतातील परकीय गुंतवणुकीचा सर्वांत मोठा स्रोत कागदोपत्री हे चिमुकले बेटच होते. त्याची पोस्टपेटी एवढी भांडवलवान कशी, हे कोडे कोणालाच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हा करार वैध ठरविला. २०१६ मध्ये तो बदलण्यात आला. भारताने सोडून दिलेल्या त्या करातून मॉरिशसच्या वित्तव्यवसायाची एक पिढी उभी राहिली. ही मदत आपल्या कोणत्या अंदाजपत्रकात दाखविली गेली? ती देण्याचा निर्णय भारताच्या नागरिकाने कधी घेतला?

साखरेवर उभा राहिलेला हा देश जागतिक बँकेच्या यादीत जुलै २०२० मध्ये काही काळापुरता उच्च उत्पन्नाच्या वर्गातही जाऊन बसला; करोनाने पर्यटन बुडविल्यावर पुढच्याच वर्षी तो खाली आला. त्याचेही उसाचे क्षेत्र आटते आहे. १९७३ मध्ये सात लाख टनांवर गेलेले उत्पादन आता त्याच्या निम्म्यावरही नाही. उसाच्या जमिनीवर परदेशी धनिकांचे बंगले उठले आहेत आणि लहान बागाईतदार तोडणीला माणूस मिळत नाही म्हणून शेत सोडून देत आहे. चांदे येथून काही किलोमीटरवर असलेल्या हिंजवडीत जे घडले, तेच मोकाजवळच्या एबेनच्या सायबरनगरीतही घडले : जेथे ऊस होता तेथे काचेच्या इमारती आल्या.

२०१७ मध्ये युरोपने आपल्या बीटवरील कोटाही उठविला आणि भाव आणखी घसरले. तेव्हा दोन्ही सरकारांना आपल्याच तिजोरीतून हमी द्यावी लागली. फिजीने २०१८ च्या हंगामापासून उसाला टनामागे ८५ फिजी डॉलर बांधून दिले; मॉरिशसने लहान बागाईतदाराला साखरेच्या टनामागे २५ हजार रुपयांची खात्री दिली. युरोपचा ग्राहक जे देत होता ते आता तेथील करदाता देतो, आणि त्यामुळे ते कोणाला, किती आणि का द्यावयाचे, यावर तेथील संसदेत प्रथमच वाद होऊ लागला. मॉरिशस नवे गिऱ्हाईकही शोधीत आहे. १ एप्रिल २०२१ पासून अमलात आलेल्या भारत-मॉरिशस करारात सवलतीच्या जकातीने भारतात येणाऱ्या वस्तूंच्या यादीत मॉरिशसची विशेष साखर आहे; आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेच्या पंचमंडळाने, ब्राझील, ऑस्ट्रेलिया व ग्वाटेमाला यांच्या फिर्यादीवरून, भारताने आपल्या ऊस उत्पादकाला दिलेला आधार नियमबाह्य ठरविला. भारताने त्यावर अपील केले आहे.